पिल्लाची नजर मी उतरवली

हे मी आजवर कुणालाच बोललेले नाही. नवऱ्याला नाही, माहेरीही नाही. तुम्हाला सांगते — तुम्ही काही माझ्या घरात राहत नाही.

आम्ही मोर्शीचे, संत्र्याच्या बागेतले. माझ्या राजाला, माझ्या गावठी कुत्र्याला, पार्वो झाला तेव्हा घरात कुणाला फिकीर होती? तीन दिवस ओकला, रक्ताचे जुलाब झाले. कुत्रंच तं हाये, म्हणाले सगळे. अमरावतीला डॉक्टरांनी मागून कापसाची काडी फिरवून तपासलं, पट्टीवर दोन रेघा उमटल्या, म्हणजे पार्वोच. उशीर केला, म्हणाले. राजा त्याच संध्याकाळी गेला.

दोन वर्षांनी माझ्या धाकट्या जावेनं, कवितानं, पिल्लू आणलं. विकतचं, पांढरंशुभ्र, लसीची एक सुई टोचलेलं. त्याला थेट सासूबाईंच्या गादीवर जागा! माझ्या राजाला कधी उंबरा ओलांडू दिला होता का त्यांनी? मी जळत होते. खोटं कशाला बोलू — रोज जळत होते.

मग एका सकाळी पिल्लानं दुधाला तोंड लावलं नाही. पिवळं, फेसाळ ओकलं. दुपारी जुलाब, आणि तो वास — सडक्या रक्ताचा. एकदा नाकात बसला की जात नाही. मला कळायचं काय राहिलं होतं?

सासूबाई म्हणाल्या, नजर लागली. कविता रडवेली होऊन माझ्याकडेच आली. “ताई, तुमच्या हातानं उतरते. तुमीच काढा.”

‘पार्वो’ एवढा एक शब्द बोलायचा होता. गाडी दारात होती, अमरावती काही लांब नव्हती. मी उठले ती मीठ-मोहऱ्या आणायला. तीनदा ओवाळलं, मिरच्या विस्तवावर टाकल्या. ठसका लागला नाही, म्हणजे नजर जबर होती, असं ठरलं. सगळे निर्धास्त झाले. आणि मी? माझा मेला, हिचं का वाचावं — हेच मनात होतं.

दुसऱ्या दिवशी पिल्लानं मान टाकली, तेव्हा अमरावतीला नेलं. पुन्हा तीच काडी, त्याच दोन रेघा. सलाईन लावली, पण पिल्लू उठलं नाही.

घरी आल्यावर कविता माझ्या गळ्यात पडली. “ताई, या घरात त्याच्यासाठी जीव तुटला तं तुमचाच.” मी तिची पाठ थोपटत राहिले. आता आम्ही दोघी सारख्या झालो, असं वाटलं. आणि खरं सांगते — बरं वाटलं.