काकांनी घेतलेली तालीम

अमेरिकेतल्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे तिथल्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरकीच्या पुढच्या प्रशिक्षणासाठी, माझी व्हिडिओ कॉलवर मुलाखत होणार होती. तिची तालीम घ्यायला समोरच्या फ्लॅटमधले काका रोज संध्याकाळी यायचे. रावेतचे मूळ गाववाले, इंग्रजीशी वैर, पण खुर्चीत टेकले की थेट परीक्षक. "आमचाच दवाखाना का पायजे तुला?" मी कितीही छान उत्तर दिलं तरी कान खाजवत म्हणायचे, "पटलं न्हाई. परत सांग."

मुलाखत सुरू झाली आणि खाली पार्किंगमध्ये कुणाच्यातरी वाढदिवसाचा डीजे दणाणला. मला माझाच आवाज ऐकू येईना. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून कोपऱ्यात बसलेले काका अनवाणीच खाली धावले. थोड्याच वेळात सगळं चिडीचूप झालं, आणि माझी मुलाखत चांगली पार पडली.

दार उघडलं तर जिन्यात निम्मी सोसायटी श्वास रोखून उभी. फेटा बांधलेल्या वाढदिवसवाल्याने हळूच विचारलं, "डॉक्टर, पेशंट कसाय? काका म्हणले, तुम्ही कॉम्प्युटरवरून ऑपरेशन करताय."

मी काकांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते.

"वाचला," मी म्हणाले.

सगळ्यात मोठा सुस्कारा काकांनीच सोडला.