खुर्शीदबीचा उजवा हात

मी तानुबाई. अकोल्यात खुर्शीदबीच्या भिंतीले माही भिंत लागून हाय. तिच्याबद्दल कोनी वाकडं बोललं का माह्यं डोकं फिरते, हे आधीच सांगून ठेवते.

खुर्शीदबी गाद्या-रजया शिवनारी. तिचा नवरा जैनुभाऊ दुकानात कापूस पिंजे अन् हे बाई घरी टाके घाले. लेक नगमा अमरावतीले दिली. तिच्याकडं आमी दोघी गेलो होतो, तवा तिथल्या एका खाजगी दवाखान्यात कोरोनाची लस घेतली. नर्स म्हने, डावा हात द्या. या बाईनं उजवा पुढं केला! म्हने, दवाची चीज डाव्या हातानं कशी घ्याची? आता सांगा, काय बोलाव अशा बाईले!

मले काईच झालं नाई. तिचा हात मात्र तवापासून खांद्याच्या वर जाईना. सुई लय वर, सांध्यात टोचली, असं तिचं म्हननं. दवाखाना म्हने, वयाचं दुखनं हाय. एक्सरेत काई दिसेना. खरं काय ते देवाले मालूम. पन जैनुभाऊ चार लोकायत बोलून रायला होता, "रजई शिवाची आली का हिचा हात दुखते, भाकर खातानी नाई दुखत!" मले असा राग ये का विचारू नका.

तिनं दवाखान्यावर केस टाकली. लोक म्हनत, पैशासाठी. मले खुर्शीदबी म्हने, "तानुबाई, पैसा जाऊ द्या चुलीत. मी सोंग नाई करून रायली, येवढं माह्या मानसाले दिसलं पाहिजे."

तडजोडीच्या तारखेले आमी दोघी अन् जैनुभाऊ एसटीनं अमरावतीले निघालो. मूर्तिजापूर येईपर्यंत बाईनं जागा तीनदा बदलली. खिडकी उघड, खिडकी लाव. चहा घेतला अन् तसाच फेकला. "सुधी बस न व माय," मी म्हनलं, तर माह्यावरच खेकसली.

कोर्टाच्या दारात आमचे वकील उत्तमराव हळूच म्हनाले, "बाई, समोरच्यांपुढे उजवा हात वर करू नका हं."

"करता आला असता तर इथं कायले आली असती?" खुर्शीदबी भडकली. तिले वाटलं, आपला वकीलबी नवऱ्यावानीच सोंग समजते.

आत दवाखान्याचा वकील गोड बोलला. रक्कम देतो, पण माणुसकी म्हणून. लसीमुळे झालं हे आम्हाला मान्य नाही. जैनुभाऊ म्हने, "कर सही, मिटव झंझट." खुर्शीदबी पेनाले हात लावेना. टेबलाखाली तिचा पाय सारखा हालून रायला होता. मी तिचा डावा हात घट्ट धरून बसली. पंख्याच्या हवेनं तिची ओढनी डोक्यावरून खाली घसरली, तिले भानबी नव्हतं.

तेवढ्यात बाहेर अजान झाली.

जन्माची सवय ते. डोकं झाकाले उजवा हात उठला. सारे तिच्याकडं पाहून रायले होते. उत्तमरावांनी तर डोळेच मिटले. हात छातीपर्यंत आला अन् थांबला. तिनं ओठ दाबले, पुन्हा जोर केला. पन हात वर जाईना. डोळ्यातून टपकन पानी पडलं. मी येड्या बह्याडावानी तिचा डावा हात धरूनच बसलेली!

जैनुभाऊ खुर्चीवरून उठला. सगळ्यायच्या देखत त्यानं तिची ओढनी डोक्यावर घेतली, पिंजाऱ्याच्या जाड बोटायनं नीट बसवली. मंग वकिलाले म्हने, "तुमाले काय लिवाचं ते लिवा. माही बाई खोटी नाई."

तवा खुर्शीदबीनं पेन उचलला अन् सही केली.

मले वाटलं, आता तरी बाई हासन. कायची! पायऱ्या उतरतानी नवऱ्यानं दंड धरला, तशी ते थांबली अन् म्हने, "इतके दिवस कुठी होता हा हात?"