साडूचा पहिला रिपोर्ट

माझ्या साडूइतका सज्जन माणूस आख्ख्या पुणे जिल्ह्यात नसेल, आणि इतका संताप आणणाराही नसेल. त्याला कुणी पहिल्यांदा जे सांगेल तेच शेवटचं. मी शिरूरला जुने ट्रॅक्टर घेऊन-विकून उभा राहिलेला माणूस. समोरच्याचा पहिला शब्द मोडून काढण्यावरच माझं घर चाललं. आणि हा दौंडचा रेल्वेतला नोकरदार बाजारात मेथीची जुडी उचलतो, बाई सांगेल तो भाव देतो आणि वर तिचे आभार मानतो. एकदा मी त्याला दंडाला धरून मागं ओढलं, तर म्हणाला, "तिची मेथी, भाव तिलाच ठावा!" एकदा शिरूरच्या स्टँडवर कुणीतरी दौंडची गाडी गेली म्हणालं, तर हा पिशवीसकट परत माझ्या घरी मुक्कामाला. गाडी त्याच्या पाठीमागंच उभी होती. मी खूप बोललो. याचं आपलं एकच, "पण त्यो माणूस खोटं कशापायी बोलंल?"

असल्या माणसाला रक्तपेढीनं बोलावून घेतलं. शिबिरात दिलेलं त्याचं रक्त हिपॅटायटिस सी पॉझिटिव्ह आलं होतं. ही पहिलीच तपासणी आहे, पुण्याला जाऊन दुसरी करून घ्या, असंही तिथल्या बाईंनी सांगितलं. यानं 'पॉझिटिव्ह' ऐकलं आणि पुढचं सगळं वाऱ्यावर सोडलं. त्याच आठवड्यात त्याची लेक माहेरी बाळंत झाली होती. पहिली नात. हा घरामागच्या पत्र्याच्या खोलीत राहायला गेला, ताट-तांब्या वेगळा केला, आणि पोरीला बोटही लावलं नाही. बारशाला मी विचारलं तर म्हणाला, सर्दी झालीय.

पोरगी सहा महिन्यांची व्हायला आली तेव्हा मी ट्रॅक्टरच्या कामानं दौंडला गेलो, आणि मेव्हणीनं रडत सगळं सांगितलं. माझं डोकंच फिरलं. तसाच पत्र्याच्या खोलीत शिरलो.

"सर्दी व्हय रे? सहा महिने सर्दी?"

"बसा की, साडूभाऊ. जरा लांब बसा."

"दुसरी तपासणी का न्हाई केली?"

"पह्यल्यातच घावलं, मग दुसरी कशाला?"

"अरे, लोक बैल घेताना चार वेळा दात बघत्यात!"

"मी काय बैल हाय?"

"बैल परवडला!"

दुसऱ्या दिवशी त्याला गाडीत कोंबून पुण्याला नेलं. डॉक्टर शांत माणूस. त्यांनी समजावलं, की पहिल्या तपासणीत विषाणू दिसत नाही. त्याच्याशी लढायला शरीरानं तयार केलेलं द्रव्य दिसतं. रोग आपोआप बरा झाला तरी ते द्रव्य मागं राहतं. कधी तपासणी चुकतेही. विषाणू आज रक्तात आहे का, ते दुसरी तपासणी सांगते. आणि हा रोग रक्तातून पसरतो. ताटातून किंवा लेकराला कडेवर घेतल्यानं नाही. हे ऐकून मी साडूकडं असं बघितलं, की डॉक्टरांनी मला पाणी दिलं.

काही दिवसांनी निकाल घ्यायला पुन्हा दोघं गेलो. रक्तात विषाणू नव्हता.

"मग तो पॉझिटिव्ह खोडून द्या," मी म्हणालो.

"खोडता येत नाही. ती तपासणी पुढंही पॉझिटिव्हच येत राहील कदाचित. रक्तदान मात्र आता नको. काही महिन्यांनी खात्रीसाठी हीच दुसरी तपासणी पुन्हा करू."

"आजार न्हाई म्हणता, आन् कागद हायच म्हणता? हा कुठला न्याय?" मी टेबलावर हात आपटला.

साडू हात जोडून उठलासुद्धा. "बरं, डॉक्टरसाहेब." एवढंच!

दौंडला त्याच्या घरी आलो. त्यानं हातपाय धुतले, सदरा बदलला आणि आयुष्यात पहिल्यांदा नातीला उचललं. तिनं त्याच्या तोंडाकडं टक लावून बघितलं आणि असा टाहो फोडला की शेजारी दारात आले. इतके दिवस सगळे तिच्या गालाचे मुके घेत होते, मेव्हणी, शेजारीण, दूधवाला. तिला सगळे ओळखीचे होते. हाच तेवढा परका होता. मला कुणावर तरी ओरडायचं होतं. रक्तपेढीच्या बाईंनी नीट सांगितलं होतं, डॉक्टरांनीही. ओरडू कुणावर?

त्यानं पोरगी लेकीकडं दिली. "बरोबर हाय तिचं," म्हणाला.

दुपारी ती झोपल्यावर लेकीनं तिला अलगद त्याच्या मांडीवर ठेवलं. मी निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं, आणि हा भिंतीला टेकून तसाच, पाय न हलवता बसला होता. मी चपला घालताना त्यानं मान वर केली आणि एकदम हळू आवाजात म्हणाला,

"झोपंत चालतो मी तिला."