एकटं सीताफळ

शेजारच्या काकूंनी दोन सीताफळं दिली. "एकटं देऊ नये," म्हणाल्या. फोटो मात्र एकाचाच चांगला येतो, म्हणून खिडकीत पांढऱ्या कागदावर एकच ठेवलं आणि दुसरं जरा बाजूला सरकवलं. फळाच्या डोळ्यांमधल्या फटींत तिरपं ऊन उतरेपर्यंत थांबलो. अशा थांबण्यात दुपार निघून जाते. घरात मला हाक मारणारं कुणी नाही.

संध्याकाळी काकूंना फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, "छान आलाय. पण कडेला दुसऱ्याची सावली पडलीय."

खरंच पडली होती. पुसून टाकता आली असती. मी भिंतीकडे पाहिलं. बायको गेल्यावर आमच्या जोडीच्या फोटोतून तिचा तेवढा फोटो कापून घेतला होता. त्याच्या कडेला माझा खांदा अजून आहे.