चौथी खाट रिकामी असताना

तिघींत खेळायला खेळच नाही. कॅरम चौघींचा, लुडो चौघींचा, चोर-शिपाई तर चौघींचाच. त्या रविवारी दुपारी जळगावच्या आमच्या होस्टेलच्या खोलीत मी मोबाइलवर शोधलं, ‘तीन जणांसाठी पार्टीतले मजेदार खेळ’. उत्तर आलं: दिवे मंद करा, गाणी लावा, मोकळेपणाने हसा. हसा म्हणे! पाच वाजता रेक्टर मॅडमनी तिघींना ऑफिसात बोलावलं होतं.

चौथी खाट भडगावच्या मुलीची. तिला कावीळ झाली आणि वडील घेऊन गेले. गादी गुंडाळलेली तशीच होती. गच्चीवरच्या टाकीला झाकण नव्हतं, आत कबुतराची पिसं तरंगत होती, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. तोंडी सांगितलं तर मॅडम म्हणाल्या, बाहेरची पाणीपुरी खाता आणि टाकीला नावं ठेवता. मग आम्ही पत्रक काढलं. मी बोलत गेले, शेजारच्या खाटेवरची माझी मैत्रीण मोबाइलवर टाइप करत गेली. एका वाक्यात एकच राग ठेवायचा, असं मला विद्यार्थी संघटनेत मोर्च्यांच्या पत्रकांवर काम करताना शिकवलं होतं. तसंच लिहिलं. झेरॉक्स काढून बाथरूमच्या दारांवर चिकटवलं. नाव कोणाचंच नाही.

नाव नव्हतं, पण एक शब्द होता. ‘सोमवारपासून बठ्ठ्या मुलींनी पाण्याचे रिकामे डबे घेऊन खाली यावं.’ मी म्हटलं होतं सगळ्या, मैत्रिणीच्या बोटांनी लिहिलं बठ्ठ्या. छापण्याआधी मीच दोनदा वाचलं. मला खटकलंच नाही, कारण अमळनेरला आमच्या घरीही तीच अहिराणी बोलतात. डोळा त्या शब्दावरून सरळ पुढे गेला. रविवारी सकाळी ऑफिसच्या दाराला आमचंच पत्रक लावलेलं दिसलं, आणि त्या एका शब्दाभोवती लाल गोल.

मैत्रीण सातपुड्याच्या पायथ्याच्या खेड्यातली. पावसावरची शेती, उन्हाळ्यात मोहाची फुलं वेचायची, उरलेल्या दिवसांत मजुरी. त्या घरातून शिकायला बाहेर पडलेली ही पहिली. मोठ्या बहिणीचं लग्न दहावीच्या निकालाआधी झालं होतं. हिचंही ठरत आलेलं तिने रडून, उपाशी राहून थांबवलं होतं. घरी आबांची, तिच्या वडिलांची, अट एकच, तक्रार येता कामा नये. होस्टेलमधून एक फोन गेला की सामान बांधायचं, आणि पुढे काय ते आम्हाला तिघींनाही माहीत होतं.

आणि त्याच दिवशी तिचा वाढदिवस. आईने एसटीच्या कंडक्टरकडे चारोळीची पुडी दिली होती. ती उशाशी तशीच पडून.

“माले भ्याव वाटी ऱ्हायनं,” ती सारखं म्हणत होती. “आबाले फोन लावतीन त्या. मंग संपनं.”

“काही संपत नाही,” तिसरी म्हणाली. ही दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत वाढलेली, आई-वडील नोकरीसाठी बाहेरून तिकडे आलेले, हिची भाषा पुस्तकासारखी. “तू फक्त तोंड सरळ ठेव. तुझ्या तोंडावर सगळं बातम्यांसारखं दिसतं, बाई.”

म्हणून चोर-शिपाईच्या चिठ्ठ्या. खेळ कसला, तालीमच होती ती. चोर-शिपाईत चौघी असल्या तर शिपायाला चोर शोधायला दोन तोंडं उरतात. तिघींत राजा आणि शिपाई उघडे झाले की चोर आपोआप सापडतो. आम्ही नियम फिरवला: शिपायाने गप्प बसायचं, चोराने गप्प बसायचं, आणि राजाने दोघींच्या तोंडाकडे बघून ओळखायचं. खेळताना मला ते फार खऱ्यासारखं वाटायला लागलं. शिपायाचं कामच नाही, राजाच बोट दाखवणार.

ती चोर झाली की कान लाल. चिठ्ठी उघडायच्या आधीच कळायचं.

“अगं, श्वास तरी घे,” मी म्हणाले.

“घी ऱ्हायनू ना,” ती म्हणाली आणि स्वतःच हसली. “घी ऱ्हायनी. माय वं, मी ते पोऱ्या व्हई गऊ!” भीतीने तिची वाक्यंही घसरत होती, मुलीच्या जागी मुलाची होत होती.

एका डावात मी राजा. दोघींकडे बघते तर दोघींचीही तोंडं चोराची. कितीतरी वेळ बघत राहिले, बोट दाखवता येईना. शेवटी चिठ्ठ्या उघडल्या तर दोन्हींवर चोर. दीपनगरचीने मुद्दाम लिहिलं होतं.

“हा काय चावटपणा?”

“बघ ना, राजाचं डोकंच चालत नाही,” ती म्हणाली. आम्ही हसलो. ते हसू फार टिकलं नाही, कारण खालून शिपाईमामांनी हाक मारली.

जिना उतरताना मैत्रिणीने माझी ओढणी धरली होती. पत्रकात मी फार शूर असते. मोर्च्यात घसा फाटेपर्यंत ओरडते. पण समोर टेबल, टेबलामागे एक माणूस, आणि त्याच्या हातात दुसऱ्याच्या मुलीचं आयुष्य, अशा वेळी घोषणा कुठे जातात कोण जाणे.

मॅडमच्या हातात मोबाइल होता. पडद्यावर मैत्रिणीच्या वडिलांचं नाव. तो आम्हाला दिसेल असाच धरला होता.

“पत्रक कोणी काढलं ते मी विचारत नाही,” मॅडम म्हणाल्या. “मी साधं विचारते. सगळ्या या शब्दाला तुमच्या घरी काय म्हणतात?” आणि थेट तिच्याकडे वळल्या. “तुझी आई काय म्हणते गं?”

प्रश्न किती नीच होता, हे मला आजही पुरतं सांगता येत नाही. खोटं बोलायचं तर स्वतःच्या आईच्या तोंडचा शब्द नाकारायचा. तिचे कान लाल झाले. मॅडमचा अंगठा पडद्यावर आला.

“बठ्ठ्या,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच चिरका लागला. “माझी आई बठ्ठ्या म्हणते, मॅडम.”

“तुला विचारलं?”

“माझी पण,” दीपनगरची म्हणाली. तिने हा शब्द आयुष्यात कधी उच्चारला नव्हता. “आमच्याकडे पण सगळे... बट्टाच म्हणतात.”

“बट्टा काय, बट्टा?” मॅडम उसळल्या. “बठ्ठा! ठ ला ठ! बठ्ठा, बठ्ठी, बठ्ठ्या!”

अगदी खणखणीत. शिकून येत नाही, घरातूनच येतो, असा तो ठ.

मॅडमनी स्वतःचंच बोलणं ऐकलं असावं. नजर आमच्यावरून उतरून टेबलावरच्या पत्रकावर गेली, त्या लाल गोलावर. कोणी हसलं असतं तर सगळं संपलं असतं. आम्ही जमिनीकडे बघत राहिलो.

मॅडमनी मोबाइल पालथा ठेवला. “जा. परीक्षा होऊ द्या, मग बघते एकेकीला.”

खोलीत येऊन कडी लावली. जिंकलो, असं मी कुठल्याही पत्रकात लिहिणार नाही. पालथा ठेवलेला फोन कधीही सुलटा करता येतो. पुढच्या आठवड्यात टाकीवर एक पत्रा आला, वर दगड ठेवलेला, आणि तोही कोणी ठेवला ते कोणी सांगितलं नाही. भडगावची काही परत आली नाही.

पण त्या संध्याकाळी ते काहीच ठाऊक नव्हतं. चिठ्ठ्या जमिनीवर पसरलेल्या होत्या. मैत्रिणीने चारोळीची पुडी सोडायला घेतली, आणि तिचा फोन वाजला. आबा. ती उचलेना. मीच हिरवं बटण दाबून स्पीकर लावला.

पलीकडे वाऱ्याचा आवाज, मग खोकला.

“काय वं माय,” आबा म्हणाले, “चारोळी भेटनी का?”