सुजलेला हात

तेरा जानेवारी, भोगीचा दिवस. दुपारी मी दवाखान्यात ड्रेसिंगच्या पट्ट्या कापत बसले होते, तेवढ्यात दारात ट्रक थांबला. बाजाराहून परतणाऱ्या बसला फाटक नसलेल्या रुळांवर मालगाडीनं मागच्या बाजूला ठोकरलं होतं. पुरुषांना मोठ्या गावच्या दवाखान्यात नेलं होतं, बाया आमच्याकडे आणल्या.

संक्रांतीसाठी सगळ्यांनी नव्या बांगड्या भरल्या होत्या, म्हणून माझं निम्मं काम चिमट्यानं काचा उपसण्याचं होतं. एकीच्या मात्र फुटल्याच नव्हत्या. तिचा हात खिडकीच्या गजांत चेंबून टम्म सुजला होता आणि बोटं निळी पडत होती. मी बांगड्या तोडायला पकड हातात घेतली, तशी तिनं हात पोटाशी धरला.

"मालकाची खबर नाही अजून. आत्ताच हात रिकामा काऊन करता?"

"हात सडेल."

"सडू द्या. तुमाले काय, सिस्टरबाई, तुमच्या मनगटात तं घड्याळ हाय."

वाद घालायला वेळ नव्हता. मी तिच्याच बाजाराच्या पिशवीतली हळद पाण्यात कालवली, एक पट्टी त्यात बुडवली आणि तिच्या दंडाला सैलसर बांधली. "आता रिकामा नाही ना?"

तिनं पट्टी निरखून पाहिली. "गाठ पक्की मारा."

मग साबण लावून नऊ बांगड्या काढल्या, तीन फोडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं मी मोठ्या दवाखान्यात गेले. तिचा नवरा पाय प्लॅस्टरमध्ये घालून, भाकर कच्ची म्हणून वॉर्डबॉयला शिव्या देत होता. त्या मी लक्षात ठेवल्या आणि परत येऊन तिला जशाच्या तशा ऐकवल्या.