कार्डावरचा नवरा

१९९५ साली मंठ्याजवळच्या एका गावात मतदानाची ओळखपत्रं काढायला कंपनीची माणसं आली. सरकारनं ठेका दिलेला, जितकी कार्डं तितके पैसे, त्यामुळे शाळेच्या वर्गात कॉम्प्युटर मांडून बसलेल्या ऑपरेटरला भलतीच घाई. दुर्गाबाई कॅमेऱ्यासमोर बसली.

"नवऱ्याचं नाव?"

नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायची रीत तिच्या माहेरी नव्हती, सासरी तर नव्हतीच. तिनं दाराकडं मान हलवली. दारात दोघे भाऊ उभे होते. तिचा नवरा पुंजाराम आणि भाया, म्हणजे थोरला दीर, भुजंग. ऑपरेटर ओरडला, "ओ, नाव सांगा जल्दी!"

भुजंगला वाटलं, आपल्यालाच विचारतोय. त्यानं ठणकावून स्वतःचं नाव सांगितलं. थोरल्यासमोर धाकट्यानं तोंड उघडायचं नाही ही घरची शिस्त. चुकीचं नाव लागतंय हे दुर्गाबाईला कळलं, पण भायाचा शब्द चारचौघांत खोडायचा कसा? कार्ड आलं आणि ट्रंकेत गेलं.

सहा वर्षांनी पुंजाराम तापानं गेला. मूलबाळ नाही, दुर्गाबाईचे गुडघे कामातून गेलेले. निराधारचा पगार, म्हणजे सरकारचं महिन्याचं अनुदान, मिळाला तरच तिची चूल पेटणार होती. भुजंगच तिला तहसीलला घेऊन गेला.

कारकुनानं पुंजारामच्या मृत्यूचा दाखला आणि तिचं कार्ड शेजारी ठेवून पाहिलं. "बाई, तुमचा नवरा भुजंग तर जिवंत आहे."

"मीच भुजंग, सायेब. मेला तो माहा भाऊ. ही त्याची बायको हाये."

"कार्डावर तसं नाही. दुरुस्ती कंपनी करायची, आणि कंपनीचा ठेका संपला."

सरपंचाचा कागद जोडला, तलाठ्याचा जोडला. अख्खा गाव साक्षीला असताना एका कार्डापुढं सगळा गाव खोटा! असल्या कारभाराला काय म्हणावं? दीड वर्ष भुजंगच्या घरची भाकर खाऊन तिनं दिवस काढले.

मग भुजंगही गेला. दहावं झाल्यावर त्याची बायको सगुणाबाई त्याच्या मृत्यूचा दाखला घेऊन दुर्गाबाईच्या दारात आली.

"घे. माहे ल्योक कमावते हायेत, मला कोण पगार देतंय? तुझं तरी काम होईल."

काम एका दिवसात झालं. 'भुजंग यांची विधवा' असं लिहिलेल्या अर्जाखाली दुर्गाबाईनं अंगठा उठवला. सरकारदप्तरी पुंजाराम बिनलग्नाचाच मेला.

घरी येऊन तिनं सगुणाबाईचे पाय धरले.

"ऊठ, दुर्गे," सगुणाबाई म्हणाली. "कागद मीच दिला, कळतंय मला. पण उद्यापासून माह्या चुलीकडं येऊ नको. जावेला जीव लावला मी. सवतीला न्हाई लावता येत."